शनिवारची संध्याकाळ, तीन चॅनल आणि टीव्हीतली देवळाली

ब्लॅककंट्रीवाला
परवा दुसऱ्या एका धाग्यावर सत्तरच्या दशकातल्या विलायती टीव्हीचा विषय निघाला, तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा काढतोय. माझं लहानपण इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनला गेलं, बाबा डॉक्टर, ६८ ला तिकडे गेले, आणि ८१ ला आम्ही सगळे पुण्याला परत. मधली जी वर्षं आहेत त्यातलं शाळेतलं फारसं आठवत नाही पण शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर काय असायचं ते अजून ओळीने सांगू शकतो, आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पहिलं म्हणजे टीव्ही आमचा नव्हता, भाड्याचा होता. आमच्या गल्लीत बहुतेकांचा तसाच. रंगीत सेट महाग, त्यात सारखे बिघडायचे, भाड्याचा असला की दुरुस्ती दुकानवाल्याच्या गळ्यात. त्याआधी आम्ही ज्या दोन खोल्यांत राहायचो तिथे तर नाण्यावर चालणारा टीव्ही होता, मागे पेटी, त्यात ५० पेन्सचं नाणं टाकायचं की ठरावीक तास चालणार. ऐन मोक्याला फट्‌ करून पडदा काळा, मग बाबा सगळ्या कोटांचे खिसे चाचपणार. महिन्याने माणूस येऊन पेटी उघडायचा, नाणी मोजून भाड्यापेक्षा जास्त निघाली तर वरची परत द्यायचा, त्या दिवशी आई खूश, कारण तिच्या हिशोबाने तो फुकटचा पैसा!

बीबीसी वन आणि आयटीव्ही १५ नोव्हेंबर १९६९ ला रंगीत झाले (बीबीसी टू ६७ पासूनच), आमच्याकडे रंग उगवला ७४ ला. कारण टीव्हीचं लायसन्स, दर वर्षी काढावं लागायचं. तेव्हा ब्लॅक अँड व्हाइटचं ७ पौंड आणि रंगीतचं १२. बाबांचं म्हणणं, गवत हिरवंच असतं हे मला माहितीये, ते बघायला वरचे ५ पौंड कशाला.

तर शनिवार. दुपारी चारला आयटीव्हीवर कुस्ती, मग फुटबॉलचे निकाल (एक माणूस ठरावीक सुरात वाचायचा आणि दुसऱ्या टीमचं नाव तो कसं उच्चारतो त्यावरून आकडा यायच्या आधीच कळायचं ती जिंकली की हरली), मग बीबीसीवर डॉक्टर हू. टॉम बेकरचा तो लांबलचक स्कार्फ बघून आई दर वेळी म्हणायची एवढ्या लोकरीत चार स्वेटर झाले असते. मी खुर्चीवर टाकलेल्या सोलापुरी चादरीच्या आडून बघायचो, डालेक (त्यातले यंत्रासारखे दुष्ट) आले की चादर डोक्यावरून. मग ब्रूस फोर्साइथचा जनरेशन गेम. शेवटी एका पट्ट्यावरून वस्तू सरकत जायच्या आणि नंतर स्पर्धकाला आठवतील तेवढ्या सांगायच्या, ज्या आठवल्या त्या त्याच्या. आम्ही घरी पण खेळायचो आणि आई हमखास जिंकायची, किराण्याची यादी कधी लिहून नेली नाही त्या बाईने. ‘टीझमेड’ ही वस्तू मी पहिल्यांदा त्या पट्ट्यावर पाहिली, पहाटे गजर पण करतं आणि चहा पण. बाबा म्हणाले आपल्याकडे याला लग्न म्हणतात. आईने त्या रात्री त्यांना वाढलं नाही.

रात्री टू रॉनीज, दोन विनोदी नटांचा कार्यक्रम. बाबांचं इंग्लिश पक्कं होतं, व्याकरण माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं, पण ७६ साली तो हार्डवेअरच्या दुकानातला विनोद आला, गिऱ्हाईक मागतं ‘फोर कँडल्स’, दुकानदार चार मेणबत्त्या काढतो, आणि त्याला हवे असतात ‘फोर्क हँडल्स’, म्हणजे बागेतल्या फावड्याछाप काट्याचे दांडे, ‘ह’ खाऊन बोलतो एवढंच. मी हसून लोळतोय आणि बाबा माझ्याकडे बघतायत. मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण हसले नाहीत. इंग्लिशमध्ये मी त्यांच्या पुढे गेलो तो हा दिवस, आणि ते आम्हा दोघांनाही तेव्हाच कळलं असावं.

शेवटी कार्यक्रम संपले की बीबीसी वनवर राष्ट्रगीत. बाबा त्याच्या दहा सेकंद आधी उठून बटण बंद करायचे. म्हणायचे, यांच्या राणीसाठी मी उभा राहणार नाही, आणि बसून ऐकणं बरं दिसत नाही.

आता खरं ज्यासाठी धागा काढला ते. ७४ पासून बीबीसीवर ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ नावाची कॉमेडी लागायची. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश तोफखान्याची नाटक मंडळी, आणि ठिकाण? देवळाली! आपली नाशिकची देवळाली कॅम्प. ते ‘डिओलाली’ म्हणायचे. माझी आजी (आईची आई) भगूरची, तिचे वडील युद्धाच्या वर्षांत कॅम्पात दूध घालायचे. आजी ७६ ला आमच्याकडे आली होती तेव्हा आम्ही तिला कौतुकाने टीव्हीसमोर बसवलं, बघ तुझं गाव दाखवतायत. तिने पाचेक मिनिटं बघितलं. सगळे सोल्जर घामाने निथळतायत, पंखा ओढणारा पंखा ओढतोय, हाश हुश चाललंय. आजी म्हणाली, “ही कुठली देवळाली? देवळालीला लोक हवा खायला येतात.”

तेव्हापासून हे डोक्यात आहे. इथे कोणी हा कार्यक्रम बघितलाय का? देवळाली-भगूरकडचं कोणी आहे का?

---

नीलाक्षी७१
मस्त लिहिलंय. लग्नाच्या विनोदावर तुमच्या आईंच्या बाजूने.
आम्ही मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला दूरदर्शन आलं तेव्हा अख्ख्या बिल्डिंगमध्ये एक टीव्ही आणि चॅनल पण एकच, तुम्हाला तीन म्हणजे चैनच की.

---

ब्लॅककंट्रीवाला
@नीलाक्षी तीन म्हणायला. आणि गंमत म्हणजे कार्यक्रमांची पत्रिका दोन मासिकांत वाटलेली, रेडिओ टाइम्समध्ये फक्त बीबीसीचे, टीव्ही टाइम्समध्ये फक्त आयटीव्हीचे, हे ९१ पर्यंत चाललं. बाबा फक्त पहिलं घ्यायचे. आईला ‘क्रॉसरोड्स’ बघायची असायची, ती आमच्याच भागातल्या एटीव्हीची (आयटीव्हीची तिथली कंपनी) सिरियल, मोटेलमधली, भिंती हलायच्या त्यात, दार आपटलं की आख्खी भिंत थरथरायची. ती शेजारणीकडून टीव्ही टाइम्स आणायची, बदल्यात भजी.

---

भगूरकर_बाळ्या
हजर!! आजी अगदी बरोबर बोलल्या. आमच्याकडे पारशी लोकांचे बंगले आणि सॅनिटोरियम काय उन्हाळा सोसायला बांधले होते का, मुंबईची माणसं छातीच्या दुखण्याला इथे येऊन राहायची. एप्रिल-मे तापतो, नाही असं नाही, पण संध्याकाळी वारा सुटतो. जानेवारीत तर शेकोटी लागते. घामाने निथळणारी देवळाली म्हणजे त्यांनी मुंबईचं हवामान आणि नाशिकचा पत्ता एकत्र केलाय.

---

खवचट_काका
कार्यक्रम इंग्लंडमध्येच शूट व्हायचा हो, देवळालीला कोण येतंय. स्टुडिओ आणि बाहेरचं काय असेल ते तिकडच्याच रानात. घाम म्हणजे पाणी मारलेलं.

---

गंगापूर_रोड
थोडी भर घालतो. लिहिणारे दोघे, जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट, ‘डॅड्स आर्मी’ या कॉमेडीवाले. पेरी स्वतः तोफखान्यात होता आणि देवळालीतल्या नाटक मंडळीत त्याने काम केलेलं, क्रॉफ्ट पण युद्धात हिंदुस्थानात होता. म्हणजे बनवून लिहिलेलं नाही, पोरवयात बघितलेलं तीस वर्षांनी आठवून लिहिलंय. आठवणीत ऊन वाढतंच.
इंग्लिशमध्ये डोकं फिरणे याला ‘डूलॅली’ म्हणतात तो शब्द देवळालीवरूनच आलाय. मुदत संपलेले सोल्जर बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने तिथल्या कॅम्पात पडून असायचे, काम काही नाही, डोकं फिरायचं. पूर्ण वाक्प्रचार ‘डूलॅली टॅप’, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. आख्ख्या इंग्लंडला वेड्यासाठी आमच्या स्टेशनचं नाव! तोफखान्याची शाळा आजही तिथेच आहे, फक्त आता आपली.

---

मावशीआजी
मी ६९ ते ७८ लेस्टरला होते. तुम्ही सगळे गमतीने लिहिताय म्हणून लिहू की नको असं वाटत होतं.
त्या कार्यक्रमातला बेअरर रंगी राम, तो हिंदी माणूस नव्हता, गोऱ्याला काळं फासून उभा केलेला. ते चार वर्षं चाललं. त्याच काळात बीबीसीवर शनिवारी गोरे लोक तोंडं काळी करून नाचायचे तो मिन्स्ट्रेल शो, तो ७८ पर्यंत चालू होता. आयटीव्हीवर ‘लव्ह दाय नेबर’, शेजारी काळं जोडपं राहायला आलं म्हणून गोरा आदळआपट करतो आणि त्यावर हशा. रात्री जे टीव्हीवर व्हायचं ते दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात माझ्या मुलाला ऐकायला मिळायचं. त्या कार्यक्रमातल्या चहावाल्याच्या आवाजात हाक मारायचे त्याला. नाव विचारलंच नाही कोणी कित्येक महिने. टीचरला सांगितलं तर म्हणाल्या, अहो ते तर टीव्हीतलं आहे, प्रेमाने म्हणतात. मग मी सांगणं सोडलं.

---

खवचट_काका
मावशी, तुमचा त्रास खरा. पण विनोद हा विनोद असतो, त्यात साहेबांची पण टिंगल होतीच की, कर्नल बावळट, कॅप्टन त्याहून बावळट, आणि सगळ्यात हुशार तो रंगी राम. आपण सासू-सुनेवर, भटजीवर, मारवाड्यावर किती वर्षं हसलो?

---

मावशीआजी
हसलो. पण मारवाड्याच्या पोराला आपण शाळेत एकटं गाठलं असेल तर त्याला तो विनोद वाटला नसेल एवढंच म्हणते.

---

गंगापूर_रोड
रंगी राम करणारा मायकेल बेट्स, त्याचा जन्म झाशीचा. हिंदी-उर्दू लहानपणापासून येणारी, युद्धात गुरखा रेजिमेंटबरोबर ब्रह्मदेशात. त्यामुळे काळं फासलेलं खटकतं, पटलं, पण तो जे बोलतो ते उच्चार अस्सल आहेत, आत्ताचे कितीतरी नट एवढं नीट बोलत नाहीत. ७८ च्या जानेवारीत तो गेला, त्याच्या जागी दुसरा कोणी घेतला नाही. चहावाला डिनो शफीक मात्र खरा उपखंडातला, ढाक्याचा. तोच पुढे ‘माइंड युअर लँग्वेज’मधला अली.

---

नगरी_नग
काळं फासायचा विषय निघालाच आहे तर विनोदी नट स्पाइक मिलिगन. जन्म १९१८, अहमदनगर (आता अहिल्यानगर, पण त्याच्या जन्मदाखल्यावर नगरच असणार). बाप ब्रिटिश आर्मीत, लहानपण पुण्यात आणि रंगूनला. त्याने ६९ साली आयटीव्हीवर ‘करी अँड चिप्स’ केलं, त्यात हा अर्धा पाकिस्तानी अर्धा आयरिश, आणि तोंड रंगवलेलं. सहा एपिसोडमध्ये गाशा गुंडाळायला लावला वरच्यांनी. म्हणजे तेव्हाही सगळ्यांना ते चालत होतं असं नाही. आम्ही नगरवाले याचा अभिमान बाळगावा की लपवावं हे अजून ठरलेलं नाही.

---

विजेचा_माणूस
मी आयुष्यभर वीज मंडळात काढली त्यामुळे माझा इंटरेस्ट वेगळा. तिकडे एक प्रकार असतो, त्याला टीव्ही पिकअप म्हणतात. तीनच चॅनल, म्हणजे अर्धा देश एकच कार्यक्रम बघतोय. तो संपला की एकाच मिनिटात लाखो लोक उठणार आणि चहाची इलेक्ट्रिक किटली लावणार, एक किटली अडीच-तीन किलोवॅट. करा गुणाकार. आपल्याकडे गॅसवर आधण ठेवायचो त्यामुळे हे दुखणं आपल्याला नव्हतं. त्यांच्या ग्रिडच्या कंट्रोल रूममध्ये टीव्हीची पत्रिका समोर ठेवूनच बसायचे, कोरोनेशन स्ट्रीट ही सिरियल किती वाजता संपणार, कुठली मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये गेलीय. एवढा लोड अचानक उचलायला कोळशाचा संच कामाचा नाही, तो तापायलाच वेळ घेतो. म्हणून वेल्समध्ये फेस्टिनिऑग, ६३ सालचं, ३६० मेगावॅट, रात्री स्वस्तातल्या विजेने पाणी डोंगरावर चढवून ठेवायचं आणि किटल्या लागल्या की सोडायचं. आपल्या घाटघरला तेच तत्त्व, २५० मेगावॅट.
आणि ७३ च्या डिसेंबरात उलटं झालं. तेलाची टंचाई, कोळसा खाणवाल्यांचं आंदोलन, तेव्हा सरकारने टीव्हीच रात्री साडेदहाला बंद करायला लावला. १७ डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत.

---

ब्लॅककंट्रीवाला
@विजेचा_माणूस साडेदहाचं आठवतंय! मला काय, मी नऊलाच झोपायचो, पण बाबांची शनिवारची फुटबॉल बोंबलली. नंतर नवीन वर्षात कारखाने आठवड्याचे तीनच दिवस, बाबांच्या दवाखान्यात मेणबत्त्या आणून ठेवल्या होत्या. चार असतील कदाचित.

---

नीलाक्षी७१
😂😂 फोर्क हँडल्स!

---

टोटिंगची_ताई
मावशीआजींना मोठ्ठं अनुमोदन. मी लंडनला वाढले. पण एक चांगलं पण सांगते, रविवारी सकाळी बीबीसीवर आपल्या लोकांसाठी अर्धा तास असायचा, ‘नई जिंदगी नया जीवन’, बर्मिंगहॅमहून यायचा, महेंद्र कौल असायचे. संध्याकाळचा नाही त्यामुळे धाग्यात बसत नाही पण तरी. हिंदी-उर्दूच, मराठीचं नाव नाही, आई तरी पण आंघोळ करून साडी नेसून बसायची टीव्हीसमोर, जसं काही ते तिला बघणार आहेत. गझल लागली की डोळे पुसायची. आईला उर्दू कळत नव्हतं.

---

क्रिकेटवेडा_५५
कोणीच गावसकर काढला नाही?? ४ सप्टेंबर १९७९, ओव्हल, ४३८ चं टार्गेट, गावसकर २२१, आणि आपण ८ बाद ४२९ वर थांबलो, नऊ रन्स कमी. त्या संध्याकाळी विलायतेत आयटीव्ही बंद होता! संप. ऑगस्ट ते ऑक्टोबर अकरा आठवडे पडद्यावर नुसती पाटी. माझे मामा साउथॉलला होते, ते म्हणायचे त्या दिवशी गोऱ्यांना पण बघायला दुसरं काही नव्हतं, बघा म्हणावं.
आणि ७१ ला ओव्हललाच जिंकलो तो २४ ऑगस्ट गणेश चतुर्थीचा दिवस, मैदानावर चेसिंग्टनच्या झूमधून हत्तीण आणली होती, बेला नावाची. वाडेकर ड्रेसिंग रूममध्ये झोपलेले, उठवून सांगावं लागलं.

---

खवचट_काका
आणि ७४ ला लॉर्ड्‌सवर ४२ ऑल आऊट, १७ ओव्हर्स. तेव्हा संप असता तर बरं झालं असतं. (बीबीसीचा.)

---

पुणेरी_चहा
मला एक खरं खोटं करून हवंय. मॉरकम अँड वाइज या विनोदी जोडीचा बीबीसीवरचा ७७ चा ख्रिसमस शो २ कोटी ८० लाख लोकांनी बघितला असं सगळीकडे वाचतो. देशाची लोकसंख्या साडेपाच कोटी. पटत नाही.

---

गंगापूर_रोड
२ कोटी ८० लाख हा बीबीसीच्या स्वतःच्या मोजणीचा आकडा. दुसऱ्या मोजणीत २ कोटी १० च्या आसपास येतो. तेव्हा बीबीसी वेगळं मोजायची, आयटीव्ही वेगळं, आणि दोघांचं कधी जमलं नाही. कमीचा धरला तरी तीन माणसांत एक.

---

ब्लॅककंट्रीवाला
सगळ्यांना धन्यवाद, एवढा चालेल वाटलं नव्हतं.

मावशीआजी, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मला पण शाळेत चहावाल्याच्या आवाजात हाका मारायचे. मी वर ते लिहिलं नाही कारण मी स्वतःच तो आवाज काढून दाखवायचो, सगळ्यात भारी मला जमायचा, त्यामुळे मार वाचला. हे आत्तापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

काल आईला फोन केला होता धाग्याबद्दल सांगायला. ती ८४ ची आहे, कान गेलेत पण डोकं शाबूत. तिच्या मते माझ्या गोष्टीत दोन चुका. एक, मी म्हणालो आजी त्या कार्यक्रमाला वैतागली होती. आई म्हणते अजिबात नाही, ती दर आठवड्याला बघायची. रंगी राम मध्येच कुठलीतरी ‘जुनी हिंदू म्हण’ म्हणून काहीतरी फेकायचा आणि आजी तिथल्या तिथे त्याला खरी म्हण सुनवायची, टीव्हीला. एकदा म्हणे “मेल्या, नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आहे, ती म्हण.” काळं फासलंय हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, म्हणाली याचं मनगट बघ, तिथे रंग संपतो. आता खरंच संपत होता का माहीत नाही, पण तिने ते बघितलं आणि मी कधीच बघितलं नाही.

दुसरं, तिचं आवडतं ते नव्हतंच. शनिवारी चारची कुस्ती. मिक मॅकमॅनस नावाचा एक पैलवान होता, बुटका, काळे केस, काळी चड्डी, पंचाची पाठ फिरली की चिमटे गुद्दे. आजी जमिनीवर मांडी घालून बसायची, मटार सोलता सोलता त्याला शिव्या, भगूरच्या शिव्या, आई म्हणते त्यातल्या काही मला लग्नानंतर कळल्या. मॅकमॅनसला कानाला हात लावलेला चालायचा नाही, ओरडायचा कान नको म्हणून. आजी म्हणायची, “धर धर, तोच धर, पिळ.”

आणि अजून एक आई म्हणाली जे मी पार विसरलो होतो. आजी आली तो ७६ चा उन्हाळा. तिकडे जून-जुलैत सलग पंधरा दिवस कुठे ना कुठे ३२ डिग्रीच्या वर, नद्या आटल्या, सरकारने दुष्काळासाठी मंत्री नेमला, हिरवळी पिवळ्या. आजी हिथ्रोला उतरली ती देवळालीहून बांधून आणलेले दोन स्वेटर आणि कानटोपी घालून, कारण सगळ्यांनी सांगितलेलं विलायत थंड. गाडीत बसल्यावर कानटोपी काढली आणि म्हणाली, “मला फसवलंत.”

@भगूरकर_बाळ्या, कॅम्पात दूध कुठून जायचं, लॅम रोडने की मागच्या बाजूने? आई म्हणते तिचे आजोबा सायकलवर नव्हे, डोक्यावर चरवी घेऊन चालत जायचे.

---

भगूरकर_बाळ्या
आमच्या आजोबांना विचारलं असतं, ते असते तर. उद्या गावात एक म्हातारबा आहेत ९० च्या पुढचे, त्यांना विचारून टाकतो इथे. ते अजून संध्याकाळी स्वेटर घालून ओट्यावर बसलेले असतात, मे महिन्यात पण.